ठोकतो म्हणण्याची मुभा

बान्याकावाल्लोच्या प्राथमिक शाळेत एदेरा सिन्तिनी चौतीस वर्षं शिपाईण होती. घंटा तिनं द्यायची, फरशी तिनं पुसायची, आणि मधल्या सुट्टीत कोणी कोणाच्या नाकावर ठोसा लगावला की दोघांना बखोटीला धरून विचारायचं, "आधी कोण काय बोललं ते सांगा." मुख्याध्यापक अकरा बदलले, एदेरा तीच राहिली. नाटक कंपनीत नट येतात नि जातात, पडदा ओढणारा मात्र वर्षानुवर्षं तोच असतो, तसं.

बासष्टाव्या वर्षी ती निवृत्त झाली. फुलं मिळाली, मुलांनी गाणं म्हटलं, मुख्याध्यापिका रडली. एदेरा रडली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ती स्वयंपाकघरात उगाचच उभी राहिली. हात रिकामे. तिसरी घंटा व्हावी आणि आपल्याला कुठल्याच विंगेत जायचं नसावं, ही अवस्था ज्यानं भोगली आहे त्याला ती समजावून सांगायला नको.

तीन महिन्यांनी लोरिस द्रुदीचा फोन आला. हा तिच्या शाळेतला जुना विद्यार्थी; दुसरीत असताना यानं एकाचा कान चावला होता. आता तो फाएन्झात कॉम्प्युटरचं काम करत होता आणि त्यानं 'तीन शब्द' नावाची एक साइट काढली होती. तिच्यावर लोक घरबसल्या मराफोने खेळत.

"एदेराबाई, भांडणं मिटवायला माणूस हवाय."

"कोण कोणाला चावतंय?" एदेरानं विचारलं.

"सगळेच."

"उद्यापासून येते," ती म्हणाली. यायचं कुठंच नव्हतं, खिडकीशी टेबलावर बसायचं होतं. तरी ती पहिल्या दिवशी शाळेतला निळा डगला घालून बसली.

मराफोने म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही, पण थोडक्यात सांगतो. चार खेळाडू, समोरासमोर भिडू, हातात दहा-दहा पानं. रंग चार: पेले, नाणी, तलवारी, सोटे; प्रत्येकात तिरी सगळ्यांत मोठी, मग दुरी, मग एक्का. खेळताना बोलायचं नाही. खोकला आला तरी शेजारचा संशयानं बघतो. फक्त ज्याची उतारी असेल त्याला तीन शब्दांतला एक शब्द म्हणता येतो. मुठीनं टेबल वाजवून 'ठोकतो' म्हटलं, तर त्याचा अर्थ: भिडू, तुझं सगळ्यांत मोठं पान टाक, हात कर, आणि परत याच रंगात ये. पान टेबलावर घासत पुढं ढकलून 'सरपटतो' म्हटलं, तर या रंगाची आणखी पानं माझ्याकडं आहेत. आणि पान वरून अलगद सोडून 'उडतो' म्हटलं, तर हे माझं या रंगातलं शेवटचं. बस्स. दोनशे वर्षं आमचे लोक या तीन शब्दांवर संसार करत आलेत.

पण हे डाव संपेपर्यंत. शेवटचं पान पडलं की बांध फुटतो. तू ते पान का टाकलंस, तुझ्या डोळ्यांत काय गवत उगवलंय का, तुला विहिरीत ढकलतो, तुझ्या डोक्यात कुऱ्हाड घालतो, अरे चोरट्या दुनियेच्या जल्लादा! आणि सगळ्यांत लाडका शब्द म्हणजे पताक्का. आमच्याकडं कोणाला पताक्का म्हटलं तर तो फडकत बिडकत नसतो. तो गाढव असतो, आणि बहुधा आपला भिडू असतो. एवढं झालं की दोघं एकमेकांच्या पेल्यात सांजोवेझे ही लाल वाइन ओततात आणि पुढचा डाव पिसतात.

एदेरानं हे सगळं लहानपणीच पाहिलं होतं. चौकातला बार तिच्या वडिलांचा. बायकांनी टेबलाशी बसायचं नाही असा तेव्हाचा रिवाज. पण तबक घेऊन खुर्च्यांमागून फिरणाऱ्या पोरीला कोण अडवणार? सात वर्षांची एदेरा चौघांचीही पानं बघत हिंडायची आणि चेहरा असा ठेवायची की जणू तबकात तिची आजी झोपली आहे. एकदाच तिची भुवई वर गेली. वडिलांनी तिला आठवडाभर भांडी घासायला बसवलं. ते शिक्षण पुढं शाळेत उपयोगी पडलं आणि 'तीन शब्द'वर तर फारच.

साइटवर डाव संपला की साठ सेकंद बोलायला मिळत. साठ सेकंदांत माणूस किती बोलू शकतो हे आमच्या रोमान्या प्रांताबाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. तक्रारी येत, त्या एदेरा वाचे. तिचा नियम एकच होता, वहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेला: शिवी पत्त्यांना असेल तर चालेल, माणसाच्या घरात शिरली तर नाही.

रिमिनीचे एक गृहस्थ होते, फार सभ्य. कधी वाकडा शब्द नाही. लुगोच्या व्हिल्मानं एकदा चुकीचं पान टाकलं तेव्हा त्यांनी लिहिलं, "बाईसाहेब, आपले यजमान इतक्या घाईनं वर का गेले ते आज समजलं." व्हिल्माचा नवरा जाऊन चार महिने झाले होते. त्या वाक्यात बोट ठेवावं असा एक शब्द सापडला नसता. एदेरानं त्यांना कायमचं बाहेर काढलं. त्यांनी चार पानी पत्र धाडलं. त्यात अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य, नागरिकांचे हक्क, सगळं होतं. एदेरानं एका ओळीत उत्तर दिलं: "गावाबाहेर मोकळं रान आहे, तिथं जाऊन बोला." आणि कुऱ्हाडवाले, विहीरवाले, जल्लादवाले आपले मजेत खेळत राहिले.

चार वर्षं असं छान चाललं. मग लोरिसनं ती साइट मिलानोच्या एका कंपनीला विकली. कंपनीनं एदेराला ठेवून घेतलं, पण तिच्या पुढं एक मशीन बसवलं. आधी मशीन वाचणार, मशीन ठरवणार, आणि कोणाला दाद मागायची असेल तरच ते एदेराकडं येणार. हे मशीन एका सोमवारी चालू झालं. त्या आठवड्यात धुकं एवढं दाट होतं की घंटाघर दिसत नव्हतं.

बुधवारी दुपारी दाराची बेल वाजली ती थांबेचना.

"एदेरा! दार उघड! मला मारून टाकलंय!"

"मेलेला माणूस एवढा वेळ बेल दाबत नाही. आत या, ऑर्दीन्यो."

ऑर्दीन्यो झाउली आत आले. वय एकोणऐंशी, उंची बेताची, आवाज बेताचा नाही. आयुष्यभर सायकल दुरुस्तीचं दुकान चालवलेलं. काखेत टॅब्लेट, भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेला, जणू मेलेलं कोंबडं.

"वाच," त्यांनी तो टेबलावर ठेवला. "मोठ्यानं वाच, म्हणजे मला खोटं वाटेल."

एदेरानं वाचलं. "हिंसक वर्तन आणि हिंसक नाव या कारणांमुळे आपलं खातं बंद करण्यात आलं आहे. शनिवारी दुपारी बारापर्यंत दाद मागून निर्णय न झाल्यास खातं आणि आपली जोडी कायमची पुसली जाईल."

"हिंसक! मी!" ऑर्दीन्यो उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. "पंचावन्न वर्षं पंक्चरं काढली, पोरी. लोकांच्या चाकांत हवा भरली, कोणाची काढली नाही!"

"आणि नाव?"

"नाव बापानं ठेवलं! मी काय तेव्हा मतदान केलं होतं?"

नावाची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. ऑर्दीन्यो म्हणजे बॉम्ब. त्यांच्या वडिलांचं नाव रिबेल्ले, म्हणजे बंडखोर. आणि ते नावाला जागले. पाद्र्याला त्यांनी आयुष्यात नमस्कार केला नाही आणि पोरांना संतांची नावं ठेवायची नाहीत अशी शपथ घेतली. थोरल्या मुलीचं नाव ठेवलं शिन्तिल्ला, म्हणजे ठिणगी. सेहेचाळीस साली मुलगा झाला तेव्हा नगरपालिकेतला कारकून म्हणाला, "अहो, हे नाव नाही, हा दारूगोळा आहे." रिबेल्ले म्हणाले, "तुम्ही त्याला रडताना ऐकलं नाहीत." तिसऱ्या खेपेला आईनंच नकार दिला. ठिणगी झाली, बॉम्ब झाला, आता पुरे, घर उडेल.

"आतेओनं काही विचारलं का गं?" ऑर्दीन्योंनी खिडकीकडं बघत सहज विचारलं.

"नाही."

"विचारू नकोच. मला काय त्याचं." मग त्यांनी फडकं घेऊन टॅब्लेटची काच पुसली. ती स्वच्छच होती.

आतेओ फुसिन्यानी हे त्यांचे पन्नास वर्षांचे भिडू. गावातले न्हावी. आतेओ म्हणजे नास्तिक. त्यांचे वडीलही त्याच गोटातले. तीन वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हा मुलगी त्यांना बेल्जियमला, शार्लरुआला घेऊन गेली. तेव्हापासून दोघं रोज दुपारी चार वाजता 'तीन शब्द'वर भेटत. फोन कधी करत नसत. फोनवर काय बोलणार? फोनवर पत्ते नसतात. थोडक्यात, शनिवारी बारा वाजता ती जोडी पुसली गेली, की या दोन म्हाताऱ्यांची गाठ पुन्हा पडायची ती स्मशानातच. आणि दोघंही स्मशानातल्या क्रुसाखाली झोपायला तयार नव्हते, तेव्हा तिथंही खात्री नाही.

एदेरानं मिलानोला फोन लावला. ऑर्दीन्योंना तिनं ओठांवर बोट ठेवून दाखवलं. ते मुकाट बसले, खेळाची सवय.

फोनवर ऑत्ताविया नावाची एक मुलगी आली. आवाज गोड, बोलणं इस्त्री केल्यासारखं.

"सिन्तिनीबाई, मी फाइल बघतेय. गंभीर आहे हो. या वापरकर्त्यानं तीन वर्षांत एकाच व्यक्तीला बाराशे सहा वेळा जिवे मारण्याची धमकी दिली आहे. कुऱ्हाड दोनशे बारा वेळा. विहीर नव्वद. सायकलचा पंप... हे मला कळलं नाही... एकेचाळीस वेळा."

"तो मेलाय का?"

"कोण?"

"ज्याला मारलं तो."

"नाही... तसं इथं काही नोंदलेलं नाही."

"बाराशे सहा वेळा मारूनही माणूस मरत नाही, तर मारणाऱ्याला काय हवंय ते तुम्हीच सांगा, बाई."

ऑर्दीन्योंनी मुठीनं टेबल ठोकलं. एदेरानं डोळे वटारले.

"मी समजू शकते," ऑत्ताविया म्हणाली, आणि तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "पण मला कागद लागतात. नावासाठी जन्माचा दाखला. आणि ज्यांना धमक्या दिल्या त्यांचं सहीचं निवेदन, की त्यांना कसलाही त्रास झालेला नाही. दोन्ही आले तर मी स्वतः उघडून देईन. शनिवारी बारापर्यंत."

जन्माचा दाखला गुरुवारी सकाळी मिळाला. नगरपालिकेतल्या आजच्या कारकुनानं शिक्का मारताना नाव वाचलं आणि शिक्का अगदी हळूच खाली ठेवला. मग एदेरानं शार्लरुआला फोन केला.

"आतेओ, मी एदेरा."

"शाळेची?"

"शाळेची."

"माझा नातू काही बोलला का कोणाला?"

"नाही हो. तुमच्याकडून एक ओळ हवी आहे सहीची. की ऑर्दीन्योंच्या शब्दांनी तुम्हाला त्रास झाला नाही."

"शब्दांनी?" पलीकडून आवाज चढला. "त्याच्या शब्दांनी मला काय होणार? मला त्याच्या गप्प बसण्यानं मारलं!"

"म्हणजे?"

"सोमवारचा डाव! त्यानं पेल्याची चव्वी उतरली. माझ्याकडं पेल्याची तिरी! तिरी, एदेरा, जिच्यावर पान नाही! तो 'ठोकतो' म्हणाला असता तर मी तिरी टाकली असती, परत पेल्यातच आलो असतो, डाव आमचा. पण एक शब्द नाही! मुका! मी म्हटलं, याच्याकडं काही नाही, आणि बारीक पान टाकलं. व्हिल्मा दुरी घेऊन आली आणि सगळं लुटून गेली. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं. म्हणून मी बटण दाबलं."

"कुठलं बटण?"

"लाल. तक्रारीचं. कारण विचारत होतं. 'भिडूशी गद्दारी' असं त्यात नव्हतंच, मग 'त्रासदायक वर्तन' दाबलं. म्हटलं दोन दिवस फुगून बसेल नि मग माफी मागेल. मागितली का?"

"आतेओ," एदेरा म्हणाली, "त्यांना हाकलून दिलंय. शनिवारनंतर कायमचं."



"कोणी?"

"तुमच्या बटणानं. मशीननं तुमची तक्रार उघडली आणि मागची तीन वर्षं वाचून काढली."

"पण मी तर तो बोलला नाही म्हणून..." आतेओंचा आवाज एकदम न्हाव्याच्या दुकानातल्या रिकाम्या खुर्चीसारखा झाला. मग त्यांना आपलं रोमान्यातलं रक्त आठवलं. "सही करतो. पण आधी त्यानं कबूल करायचं, की 'ठोकतो' म्हणायला हवं होतं."

एदेरानं ऑर्दीन्योंना निरोप दिला. ऑर्दीन्यो जिन्यातच ओरडले, "मी म्हटलं होतं! 'ठोकतो' म्हटलं! वर मुठीनं टेबलही ठोकलं, शेजारणीनं भिंत वाजवली! खोटारडा! त्याला सांग, सही नको तुझी, बेल्जियममध्ये बटाटे खा!"

"ऑर्दीन्यो, दीड दिवस उरलाय."

"मग दीड दिवस तो खोटारडा राहील!"

शाळेत असती तर तिनं दोघांना एकाच बाकावर बसवलं असतं. इथं एक बाक बान्याकावाल्लोत आणि दुसरा बेल्जियममध्ये. दोघांतला एक खोटं बोलत होता आणि एदेराला दोघंही खरे वाटत होते. हे फार वाईट असतं. शुक्रवारी सकाळी तिनं लोरिसला (साइट विकली तरी तिची देखभाल अजून तोच करत होता) फोन करून सोमवारच्या त्या डावाची नोंद मागवली. नोंदीत प्रत्येक पान, प्रत्येक शब्द वेळेसकट होता. तिनं चष्मा पुसला आणि खाली खाली वाचत गेली.

"चार वाजून बारा मिनिटं. ऑर्दीन्यो. पेल्याची चव्वी. 'ठोकतो'. अडवलं: मारहाणीची धमकी."

तिनं ती ओळ तीनदा वाचली. शब्दाचं बटण दाबणाऱ्याला आपला शब्द आपल्या पडद्यावर दिसत होता. समोरच्या भिडूपर्यंत तो पोहोचतच नव्हता. मध्ये मशीन बसलं होतं आणि ते 'ठोकतो' गिळत होतं.

मग तिनं आठवड्याच्या सगळ्या तक्रारी उघडल्या. एकशे चाळीस! सोमवारपासून तीच रड: भिडू मुका झालाय; भिडूला जीभ उरली नाही; भिडूनं मुद्दाम केलं. चेर्वियाचं एक जोडपं समोरासमोर बसून दोन टॅब्लेटवर खेळायचं, त्यांनी बोलणं टाकलं होतं. पाच दिवस, नऊ हजार माणसं, आणि एकालाही वाटलं नाही की यंत्रात काही बिघाड असेल. वाटणार कसं? आमच्याकडं छप्पर कोसळलं तरी माणूस आधी भिडूकडं बघतो. भिडू चुकला हे ज्याला त्याला इतकं पटण्यासारखं होतं की पुढं शोधायची गरजच कोणाला भासली नाही. एदेरालाही नाही. दाद मागत आलेल्या त्यातल्या काही तिनं वाचल्या होत्या आणि मनात म्हटलं होतं, धुक्यानं लोकांची डोकी फिरलीत. आता तिला स्वतःचाच कान धरावासा वाटला.

"ऑत्ताविया," तिनं फोनवर सांगितलं, "आमच्या खेळात बोलायला तीनच शब्द आहेत. त्यातला एक तुम्ही घेऊन गेलात."

तिनं सगळं समजावलं: मूठ, टेबल, चव्वी, तिरी. पलीकडून कागदांचा आवाज आला आणि मग एक बारीकसं "अरे देवा."

"सिन्तिनीबाई... तो 'उडतो' शब्दही खेळातलाच आहे का?"

"का?"

"नाही, तो अमली पदार्थांच्या यादीत आहे. येत्या सोमवारपासून बंद होणार होता."

"आणि 'सरपटतो'?"

"त्याच्यावर अजून विचार चालू होता," ऑत्ताविया म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. इस्त्री केलेला आवाज चुरगळला. "तिन्ही आत्ता काढते. चुकलंच आमचं. यापुढं मशीन जे अडवेल ते आधी तुमच्याकडं येईल, तुम्हीच ठरवा. पण निवेदन मला लागेलच. बाराशे सहा धमक्या आहेत, वरचे लोक विचारतील."

दुपारी एदेरानं दोघांना एकाच वेळी फोनवर घेतलं. दोघांनीही 'हॅलो' म्हटलं नाही. तिनं ती नोंद वाचली, शाळेत हजेरी वाचतात तशी, मध्ये कोणाला बोलू न देता.



"म्हणजे तू म्हणाला होतास," आतेओ म्हणाले.

"म्हणालो होतो."

"मला ऐकू आलं नाही."

"तुला पन्नास वर्षं ऐकू येत नाही, पताक्का."

"तू मला—"

"सही," एदेरा म्हणाली.

आतेओंनी निवेदन स्वतःच्या हातानं लिहिलं आणि मुलीकडून पाठवलं. ऑत्तावियानं ते आपल्या साहेबांना मोठ्यानं वाचून दाखवलं म्हणतात: "ऑर्दीन्यो झाउली यांनी मला पन्नास वर्षांत अनेकदा ठार मारलं आहे. त्याचा मला कधीही त्रास झाला नाही. त्रास त्यांच्या खेळाचा होतो. आतेओ फुसिन्यानी, न्हावी." शनिवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी खातं उघडलं. नावासकट.

चार वाजता एदेरा निळा डगला घालून खिडकीशी बसली. टेबलावर चौघं आले: ऑर्दीन्यो, आतेओ, आणि त्यांच्याविरुद्ध लुगोची व्हिल्मा आणि तिची जाऊ. डाव सुरू झाला. ऑर्दीन्योंनी उतारी केली आणि पडद्यावर ठळक अक्षरांत उमटलं: ठोकतो. आतेओंनी मोठं पान टाकलं, हात केला, परत त्याच रंगात आले. देखणा खेळ. मग सातव्या हाताला ऑर्दीन्योंनी एक्का अशा जागी टाकला की व्हिल्मानं तो टोपलीतलं अंडं उचलावं तसा उचलला. डाव गेला. साठ सेकंद चालू झाले.

एदेरा वाट बघत होती. दहा सेकंद. वीस. पडदा कोरा. पस्तिसाव्या सेकंदाला आतेओंची ओळ आली: "छान प्रयत्न केलात, प्रिय ऑर्दीन्यो. पुढच्या वेळी नक्की जमेल."

फोन वाजला.

"एदेरा! त्याच्या मुलीला फोन लाव! त्याला काहीतरी झालंय!"

"काय झालंय?"

"'प्रिय' म्हणतोय मला! मी एक्का फुकट घालवला आणि तो म्हणतो छान! अर्धांगवायू झालाय, नाहीतर तो नाहीच, कोणी दुसराच बसलाय त्याच्या जागी! मी नाही खेळत भुताशी!"

एदेरानं आतेओंना फोन लावला. पहिल्याच घंटेला त्यांनी उचलला. फोन हातातच असावा.

"आतेओ, काय चाललंय?"

"काही नाही. सभ्यपणा."

"कशाला?"

"भीती वाटते, पोरी." आवाज अगदी खाली आलेला. "चार ओळी लिहिल्या होत्या. मग वाटलं, यातला कुठला शब्द खटकेल? कुऱ्हाड खोडली. विहीर खोडली. गाढव ठेवलं, मग तेही खोडलं. खोडता खोडता 'प्रिय' उरलं. पुन्हा बंद झालं तर मी कोणाकडं जाऊ? इथं जिन्यात शेजारी 'बोंझूर' म्हणतो, बस्स."

शाळेत एक मुलगा होता, एकदा ओरडा खाल्ल्यावर वर्षभर प्रत्येक प्रश्नाला 'हो बाई' म्हणायचा. तसल्या पोरांची एदेराला सगळ्यांत जास्त काळजी वाटायची.

"ऐका," ती म्हणाली. "मशीन आहे, ते ओरडेल. ओरडू दे. ते ओरडलं की माझ्याकडं येतं, आणि आता मी इथं बसलेली आहे. कोणाच्या घरात शिरलात तर मीच तुम्हाला काढीन, बटाट्यांसकट. पण एक्का कोणी घालवला?"

"त्या गाढवानं."

"मग मला का सांगता? त्याला सांगा."

दुसरा डाव झाला. तो त्यांनी जिंकला, पण त्यानं काय होतं? मागचा हिशेब तसाच पडून होता. साठ सेकंद चालू झाले आणि दोनच सेकंदांत आतेओंचा मजकूर येऊ लागला, एका दमात, विरामचिन्हांना न जुमानता. त्यात जल्लाद होता, चोरटी दुनिया होती, फुकट गेलेला एक्का होता, ऑर्दीन्योंच्या डोक्यातलं भूस होतं, आणि त्या डोक्याचं शार्लरुआहून चालत येऊन वस्तऱ्यानं काय करणार याचं सविस्तर वर्णन होतं. इतकं घोटून केलेलं भाषण की मी विंगेत असतो तर टाळी वाजवली असती.

एदेराच्या पडद्यावर लाल दिवा लुकलुकला. धमकी: धारदार शस्त्र. तिनं चष्मा सारखा केला आणि ओळ न् ओळ वाचली. पत्ते, पत्ते, पत्ते, डोकं, पत्ते. घरात कुठं शिरला नव्हता. तिनं 'चालेल' दाबलं.

मजकूर ऑर्दीन्योंपर्यंत पोहोचला असावा, कारण खाली त्यांचं उत्तर उमटलं.

"आलास! एवढा वेळ कुठं तडफडला होतास? पानं वाट, नाहीतर विहिरीत घालतो."

लाल दिवा पुन्हा लागला. एदेरानं खुर्ची पुढं ओढली.